ट्रक-पुलिंगसाठी ‘जितका मोठा टायर तितकी जास्त पकड’ हा दावा का टिकत नाही

ट्रक-पुलिंगच्या, म्हणजे ट्रकने वजनदार ओझे मातीच्या मैदानावर ओढण्याच्या स्पर्धेच्या, चित्रफितींसोबत एक सल्ला हमखास फिरत असतो. नियमात बसेल तेवढा रुंद आणि उंच टायर घ्यावा, त्याची नक्षी चिखलातल्या टायरसारखी खोल असावी आणि हवा शक्य तितकी कमी ठेवावी; एवढे केले की पकड आपोआप मिळते आणि उरलेले काम इंजिन करते, असे त्यात सांगितलेले असते. या सल्ल्याच्या प्रत्येक भागात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. मात्र ते तथ्य कोणत्या मातीवर, किती वजनाखाली आणि स्पर्धेच्या कोणत्या वर्गात लागू पडते, हे त्यात कुठेही येत नाही. चार टायरांचा संच स्वस्त नसतो आणि चुकीच्या संचामुळे अ‍ॅक्सलही तुटू शकतो, म्हणून या दाव्याचा एकेक भाग तपासून पाहणे आवश्यक आहे.

आधी स्पर्धेचे स्वरूप पाहू. ओहायो, इंडियाना यांसारख्या अमेरिकी राज्यांतील जत्रांच्या मैदानांवर हा खेळ रुजला आहे आणि नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन ही त्याची प्रमुख संघटना १९६९ पासून काम करते. ट्रकच्या मागे साखळीने एक स्लेड, म्हणजे वजन लादलेली ओढगाडी, जोडलेली असते. सुरुवातीला तिच्यावरील वजनाची पेटी तिच्याच मागच्या चाकांवर असते; स्लेड पुढे सरकू लागली की चाकांच्याच गतीने ही पेटी पुढे ओढली जाते आणि तिचा भार स्लेडच्या पुढील सपाट लोखंडी तळावर येतो. तळ मातीवर दाबला जातो, घर्षण वाढत जाते आणि अखेरीस ट्रक थांबतो. बहुतेक ठिकाणी ३०० फूट अंतर पार केले की पूर्ण खेच मानली जाते. म्हणजे टायरला पहिल्या पन्नास फुटांत जे काम करावे लागते, ते शेवटच्या पन्नास फुटांतल्या कामापेक्षा अगदी वेगळे असते. फिरणाऱ्या सल्ल्यात हा फरकच नाही.

रुंदीचा मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. मातीवर चाकाला मिळणारी पकड दोन गोष्टींतून येते: मातीचे कण एकमेकांना किती चिकटून आहेत आणि ते एकमेकांवर घासताना किती विरोध करतात. चिकटपणातून मिळणारा वाटा टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो त्यावर अवलंबून असतो, तर घर्षणाचा वाटा चाकावरील वजनावर. ओलसर चिकणमातीत पहिला वाटा मोठा असल्यामुळे तेथे क्षेत्र वाढवून फायदा होतो. कोरड्या, वाळूमिश्रित मातीत मात्र क्षेत्र दुप्पट केले तरी फारसे हाती लागत नाही, कारण तेथे सगळा भर वजनावर असतो. शिवाय तेवढेच क्षेत्र लांबट असेल तर ते रुंद क्षेत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. माती थोडी सरकल्याशिवाय पूर्ण विरोध करत नाही आणि टायर जेवढा लांब टेकेल तेवढे हे सरकणे त्याच्या मागच्या टोकापर्यंत पूर्ण होत जाते. उलट टायर जितका रुंद, तितकी त्याच्यापुढे ढकलली जाणारी माती जास्त, आणि ती ढकलण्यात जाणारी ताकद स्लेड ओढण्याच्या कामी येत नाही.

खोल नक्षीबद्दलचा समज तर मैदानाच्या चुकीच्या चित्रावर उभा आहे. चिखलाच्या टायरमध्ये लगांच्या (टायरवरच्या उंच रबरी ठोकळ्यांच्या) मधली जागा मोठी ठेवलेली असते, ती चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. पुलिंगचे मैदान चिखलाचे नसते. चिकणमाती पसरून, पाणी मारून, रोलरने दाबून ते घट्ट केलेले असते आणि प्रत्येक खेचेनंतर पुन्हा सपाट केले जाते. अशा पृष्ठभागावर लगांमधली मोकळी जागा म्हणजे न टेकणारे रबर. उंच आणि मऊ लग जोराखाली मागे वाकतो, त्याची धार मातीत शिरण्याऐवजी लोळते. ज्या वर्गांत परवानगी आहे तेथे स्पर्धक लग कापून त्यांना धार देतात, ते याच कारणासाठी. वरचा घट्ट थर नेमका पकडणे हा त्यामागचा हेतू असतो. खड्डा खणणे हा नसतो, कारण ज्या चाकाने खड्डा खणला त्या चाकाला पुढचा प्रत्येक इंच चढण चढावी लागते.

येथे वर्गाचा नियमही लक्षात घ्यावा लागतो, आणि सल्ला देणारे तो सर्रास विसरतात. रस्त्यावर चालणाऱ्या डिझेल पिकअपच्या अनेक वर्गांत डीओटी (अमेरिकी परिवहन खाते) शिक्का असलेला, म्हणजे रस्त्यावर चालण्याजोगा, न कापलेला टायरच चालतो आणि व्यासाची मर्यादा बहुधा ३३ किंवा ३५ इंच असते. कापलेले टायर वापरणाऱ्या खुल्या वर्गातील ट्रक पाहून साध्या वर्गासाठी खरेदी केली, तर तपासणीतच अडवणूक होते. घेण्याआधी आपल्या संघटनेची त्या वर्षाची नियमावली वाचणे हे पहिले काम आहे.

उंचीबाबत हिशेब सोपा आहे. इंजिनची पिळवटण्याची ताकद (टॉर्क) गिअरमधून चाकापर्यंत येते आणि तिला चाकाच्या त्रिज्येने भागले की जमिनीवरचा जोर मिळतो. ३३ इंचांऐवजी ३५ इंचांचा टायर लावला की हा जोर सुमारे ६ टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्याच प्रमाणात वेग वाढतो. ज्याचे इंजिन मोकळेपणाने फिरते आणि ज्याला चाकांचा वेग कमी पडतो, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा ठरू शकतो; ज्याचे इंजिन शेवटच्या टप्प्यात दमते, त्याच्यासाठी तोट्याचा. त्यातच मोठे चाक जड असते आणि त्याला फिरवताना, थांबवताना बसणारे झटके अ‍ॅक्सल, सांधे आणि गिअर सोसतात.

कमी हवेचा सल्ला अर्धाच खरा आहे. हवा कमी केली की टायर जास्त लांब टेकतो, आणि हे वर सांगितलेल्या कारणाने चांगलेच आहे. पण एका मर्यादेखाली गेल्यावर टायरची बाजू जोराखाली चुरगळते, टेकणाऱ्या पट्ट्याचा मधला भाग वर उचलला जातो आणि रिम टायरच्या आत फिरू लागते. मागचे सस्पेन्शन घट्ट केलेल्या ट्रकमध्ये टायर हीच एकमेव स्प्रिंग उरते, त्यामुळे हवेतील थोड्या बदलानेही ट्रक उसळू लागतो किंवा उसळायचा थांबतो. उसळणारे चाक हवेत असते तेवढा वेळ काहीच ओढत नाही. म्हणून हवा पुढे आणि मागे वेगवेगळी ठेवून, मैदान किती ओले आहे ते पाहून ठरवावी लागते.

आता ‘टायर योग्य घेतला की पकड आपोआप’ या मूळ गृहीतकाकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त आक्षेप यावर आहे. टायर वजनाशिवाय काहीही करू शकत नाही. आपल्याकडे नांगरटीसाठी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात, तेव्हा शेतकरी टायर न बदलता, केवळ वजन वाढवून पकड मिळवतो. पुलिंगमध्ये एकूण वजनाला वर्गाची मर्यादा असते, म्हणून प्रश्न ते वजन कोणत्या चाकांवर ठेवायचे एवढाच उरतो. ८,००० पौंडांचा, १४० इंच व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराचा) एक फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारा, ट्रक घ्या. स्लेडची साखळी अडकवायचा त्याचा हुक २६ इंच उंचीवर आहे आणि साखळीचा कल बाजूला ठेवला तर तो ६,००० पौंडांची ओढ देतो आहे. २६ ला १४० ने भागून ६,००० ने गुणले की सुमारे १,१०० पौंड येतात. तेवढा भार पुढच्या चाकांवरून उतरून मागच्या चाकांवर जातो. पुढचे टायर कितीही महाग असले तरी हलकी झालेली चाके फक्त गरगरतात. याच कारणासाठी बंपरच्या पुढे लोखंडी वजने टांगलेली दिसतात आणि जाणते स्पर्धक टायर बदलण्याआधी ती वजने हलवून पाहतात.

या सल्ल्यात एक महत्त्वाची गोष्ट मुळातच नाही, ती म्हणजे चारही टायरांचा घेर सारखा असणे. पुढची-मागची चाके गिअरने एकत्र बांधलेली असताना घेर वेगळा असेल, तर एक जोडी दुसरीला मागे खेचत राहते. डावी-उजवी चाके एकाच अ‍ॅक्सलवर बांधलेली असतील तर परिणाम डोळ्यांना दिसतो. ३५ इंची टायरचा घेर सुमारे ११० इंच असतो, म्हणजे घसरण सोडली तर ३०० फुटांत त्याचे जवळपास ३३ फेरे होतात. दोन्ही बाजूंच्या घेरात एका इंचाचा फरक असेल, तर शेवटापर्यंत ३३ इंचांची तफावत साचते. प्रत्यक्षात घसरणीत तिचा बराच भाग विरून जातो, पण ट्रक बाजूला ओढला जातोच आणि सीमारेषा ओलांडली की खेच बाद होते. त्यामुळे नवा आणि झिजलेला टायर एकाच अ‍ॅक्सलवर लावू नये, आणि चारही टायरांत स्पर्धेच्या वेळी ठेवायची तेवढीच हवा भरून प्रत्येकाचा घेर फितीने मोजावा. दुकानातील मोकळ्या टायरवर छापलेला आकडा या कामी पुरत नाही.