अ‍ॅसिड कुणी मागितलं होतं?

अ‍ॅसिड ओतलं त्याने, आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीत फरशी साफ करायला आलेल्या माणसाने. जुन्या नक्षीच्या सिमेंट फरशीवर, सरळ बाटली उपडी करून, वरून खराटा. मी खोलीत शिरले तेव्हा फेस फसफसत होता आणि हा माणूस कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होता. "मॅडम, आता बघा कशी चमकते."

चमकतेय, कपाळ माझं! ती फरशी भट्टीत भाजलेली नसते रे बाबा. पितळी साच्याच्या एकेका कप्प्यात रंगवलेलं पातळ सिमेंट हाताने ओततात, त्यावर कोरडा मसाला भरतात आणि प्रेसखाली दाबतात. नक्षी असते ती वरच्या काही मिलिमीटरमध्ये, आणि तो थर सिमेंटचाच. अ‍ॅसिड सिमेंट खातं. फेस येतो तो मळ सुटतोय म्हणून नव्हे, फरशी विरघळतेय म्हणून. हे सगळं मी बादलीने पाणी ओतता ओतता ओरडून सांगत होते आणि तो दारातल्या पोऱ्याला डोळ्यांनी खुणावत होता की चालू दे, मॅडमचं रोजचंच आहे.

त्या एका कोपऱ्यासाठी काय काय केलं होतं! वर कुणीतरी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवल्या होत्या. त्या फोडायच्या, पण खाली धक्का लागू द्यायचा नाही. मग खालचा मसाला सपाट छन्नी आडवी धरून, कण कण करत काढायचा. गुडघे गेले, नखं गेली. आणि मग खालून आठ पाकळ्यांचं फूल वर आलं. गडद लाल, भोवती काळी रेघ, कडेला वेलीची किनार. किनार कोपऱ्यात वळताना कुठेही अर्धी फरशी कापून बसवलेली नाही. ज्या कुणी ती घातली त्याने आधी मध्यापासून माप काढलं असणार, कोपऱ्यासाठी वेगळ्या फरश्या घेतल्या असणार. डोकं वापरलं होतं त्या माणसाने. आणि ह्याने बाटली वापरली. आता त्या फुलाच्या चार पाकळ्या लाल आहेत आणि चार आजारी गुलाबी. काळी रेघ मध्येच राखाडी होऊन बेपत्ता. हात फिरवला तर खरखरीत लागतं, म्हणजे वरचा गुळगुळीत पापुद्रा गेला तो गेलाच.

साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. एवढंच करायचं होतं. भिंतीवर खडूने लिहिलं होतं मी, ठळक अक्षरात. तर त्याच लिखाणाला टेकून बाटली ठेवली होती.

मग कॉन्ट्रॅक्टर आला, उकिडवा बसला, बोटाने फरशीवर टकटक केलं आणि म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. डिजिटल प्रिंटमध्ये सेम टू सेम डिझाइन मिळतं. कुणाला कळणारसुद्धा नाही." मला कळेल ना! मी राहणार आहे इथे! आणि वर त्याच्या बिलात 'स्पेशल क्लीनिंग' अशी वेगळी ओळ. पैसे द्यायचे मी, फरशी खाल्ल्याबद्दल.

तोंड उघडलंच आहे तर आधीच्या मालकांबद्दलही बोलून घेते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कुणी केला? चुना किती हजार वर्षं वापरतायत लोक. पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट १८२४चं, कालचं पोर. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि निघूनही जाते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षार वर येतात, पोपडे धरतात. मग लोक म्हणतात, जुनी घरं ओलीच असतात. मग त्यावर आणखी सिमेंट. मग वॉटरप्रूफ रंग. भिंतीचा श्वास कोंडून वर तिलाच नावं ठेवायची!

आणि लाकडाला ऑइल पेंट. सागवानाला! पिस्ता, त्याखाली मळकट निळा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली पुन्हा पिस्ता. म्हणजे एकदा पिस्त्यातून सुटका झाली होती आणि कुणीतरी ठरवून परत गेलं. दाराच्या चौकटीवर कोरीव पानं आहेत हे थर काढेपर्यंत कळलंच नव्हतं, नुसत्या गुठळ्या वाटत होत्या. त्यात सुताराला घाई. म्हणे ग्राइंडर लावतो, तासात मोकळं. अरे, जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेने १९७८ मध्ये घरांच्या रंगात ते बंद केलं ते काही गंमत म्हणून नाही. कोरडं घासलं की धूळ घरभर, पोरांच्या पोटात. ओलं करून खरवड म्हटलं तर तोंड वाकडं.

फॉल्स सीलिंगवर तर बोलायलाच नको. बोलतेच. इतक्या सुंदर तुळया, कडेला गोलवा दिलेल्या, आणि त्यांच्या खाली पीओपीचे ढग! ढग अडकवायला तुळयांत खिळे, खिळ्यांच्या शेजारी चुकलेले खिळे, आणि वायरिंगवाल्याने पाइप न्यायला तुळईच्या पोटातच खोबण मारलेली. भार पेलणाऱ्या लाकडाच्या खालच्या अंगाला! जिथे ताण सगळ्यात जास्त! एका लपवलेल्या दिव्यासाठी.

माझंही काही बरं चाललेलं नाही, हे मला दिसतं. कुणाच्याही घरी गेले की गप्पा मारता मारता माझी बोटं भिंत वाजवून बघतात. पोकळ आवाज आला की डोळे चमकतात आणि यजमान घाबरतात. घरातल्यांनी छन्नी लपवून ठेवली आहे. रात्री मी १९६४चा व्हेनिस चार्टर वाचते, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय सनद, जी मुळात स्मारकांसाठी आहे, आणि आमचं घर स्मारक नाही हे मला रोज कुणीतरी सांगतं. नववं कलम मला तोंडपाठ आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ते मी कॉन्ट्रॅक्टरला डिजिटल प्रिंटच्या वेळी ऐकवलंसुद्धा. पण त्याच चार्टरचं अकरावं कलम म्हणतं की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेल्या योग्य भरीचा आदर करावा, सगळं एकाच शैलीत आणणं हा हेतू नव्हे. म्हणजे पिस्त्याचा आदर? पीओपीच्या ढगांचा? 'योग्य' ह्या शब्दाला धरून मी अजून लटकले आहे.

आणि आता नवीन भूत आलंय: विटा उघड्या ठेवा. जो येतो तो हेच. अहो, ह्या विटा कधी दिसण्यासाठी रचल्याच नव्हत्या! गिलावा येणारच म्हणून गवंड्याने सांधे कसेही भरलेत, मध्ये तुकडे कोंबलेत. गिलावा सोलून 'मूळ रूप' दाखवायची हौस इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात इतकी बोकाळली होती की विल्यम मॉरिस ह्या कवी-नक्षीकाराने १८७७ मध्ये त्याविरुद्ध संस्था काढली आणि तिला लाडाने 'अँटी-स्क्रेप', म्हणजे 'खरवडण्याविरुद्ध', म्हणायचे. इतकी वर्षं झाली तरी अक्कल तिथेच. सोललेली भिंत धूळ गाळते, ओल पिते, पण फोटो छान येतात ना!

आज गवंडीही तेच विचारत होता. मॅडम, जिन्याजवळची एक तरी भिंत उघडी ठेवू का, आजकाल सगळे ठेवतात. नाही. एकही नाही. पिंपात चुना भिजतोय, तो घे आणि लाव. आणि त्या अ‍ॅसिडवाल्याला जिन्याकडे फिरकू देऊ नकोस.