नासाचं यंत्र आणि काकांची चप्पल

आमच्या भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज तीन जणांनी टाकला, तिन्ही वेळा हात जोडलेल्या इमोजीसकट. तिन्ही वेळा मी गप्प बसलो. पण तोच मेसेज वाचून माझे काका एका सेंटरमध्ये पाच हजार आगाऊ भरून मोकळे झाले. एसटीत तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस, कंबर त्यातच गेलेली. पुढं जे झालं ते बघून आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मेसेज असा: ‘नासाच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली स्पायनल डीकम्प्रेशन थेरपी आता आपल्या शहरात! अमेरिकन एफडीएची मान्यता. सरकलेली गादी व्हॅक्यूमने परत जागेवर. २० सेशनमध्ये कायमचा आराम, ८६ टक्के यश. कसलाही साइड इफेक्ट नाही, कोणत्याही वयात चालते. पायाला बधिरपणा आला, ताकद गेली तरी घाबरू नका, ऑपरेशन करू नका. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा उठत नाही.’

नासापासून सुरुवात करू. हे यंत्र म्हणजे माणसाला पट्ट्यांनी बांधून कंबर ओढणारं टेबल, आणि गादी म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती. नासानं हे यंत्र शोधलेलं नाही. या प्रकारातलं पहिलं गाजलेलं टेबल, व्हॅक्स-डी, १९९०च्या दशकात आणलं कॅनडातल्या अ‍ॅलन डायर यांनी, आणि ते ओंटारिओ प्रांताच्या आरोग्य खात्यातले मोठे अधिकारी होते. नासाचा संबंध इतकाच, की अंतराळात वजन नसल्यानं अंतराळवीरांचा कणा लांबतो, उंची पाचेक सेंटिमीटरपर्यंत वाढते. विकणाऱ्यांनी एवढंच उचललं. पुढचं सांगत नाहीत: वर असताना त्यातल्या अनेकांची पाठ दुखते, आणि अमेरिकी अंतराळवीरांवरच्या २०१०च्या अभ्यासात गादी सरकण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त निघालं, तेही परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. कणा ताणला की गादी सुधारते, याचा पुरावा म्हणून अंतराळवीर दाखवणं म्हणजे कमालच आहे.

एफडीए. (आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही लोक एफडीएच म्हणतात, त्यामुळे काकांना वाटलं मुंबईहून शिक्का आलाय.) अमेरिकेत या टेबलांना मिळते ती ‘क्लिअरन्स’. म्हणजे बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणासारखंच हे आहे, विकायला हरकत नाही, इतकंच. आजार बरा होतो असं त्या कागदावर कुणी म्हटलेलं नाही. आणि आधीचं उपकरण कोणतं? विजेवर चालणारं ट्रॅक्शन. त्याच वर्गात यांची नोंद होते. जुन्या दवाखान्यांत पलंगाच्या पायथ्याशी कप्पीवरून वजनं सोडून पेशंटला ताणून ठेवायचे, तेच ट्रॅक्शन. आता पट्टे मऊ, समोर स्क्रीन आणि ओढ संगणक सांभाळतो. एफडीएकडे जाताना ट्रॅक्शन, पेशंटकडे येताना डीकम्प्रेशन.

हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा प्रतिवाद याच्यावर उभा आहे. ट्रॅक्शनची तपासणी भरपूर झाली आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०१३ साली कंबरदुखी आणि सायटिकावरच्या (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवरच्या) ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात २,७६२ रुग्ण. निष्कर्ष: ट्रॅक्शन एकटं द्या नाहीतर इतर उपचारांबरोबर द्या, वेदना, हालचाल, कामावर परतणं, कशातच फारसा फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन नको असंच म्हटलंय. ‘आमचं ट्रॅक्शन नाहीच’ असं सेंटरवाले म्हणणार. मग एफडीएचा कागद भिंतीवरून उतरवा.

आता ते व्हॅक्यूम. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप पडलाय’ म्हणतात. खरं तर उलटं असतं, गादी झिजून पातळ होते आणि दोन मणके जवळ येतात. पण शब्द रुळलाय. काकांनी सेंटरमध्ये सरळ विचारलं, “गॅप पडलाय म्हनता, मग आनखी ओढून काय करनार?” तिथली मुलगी म्हणाली, “काका, ते व्हॅक्यूम असतं.” काका गप्प. मी असतो तरी गप्पच झालो असतो.

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १९९४ साली मोजक्या रुग्णांच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. टेबल ओढत असताना तो शून्याच्याही खाली गेला. पण ओढत असताना. माणूस उठून उभा राहिला की धडाचं वजन पुन्हा त्याच गादीवर येतं. सेशनच्या अर्ध्या तासात गादीचा बाहेर आलेला भाग आत जाऊन बसतो आणि तिथंच राहतो, हे त्या सुईनं दाखवलेलं नाही. टेबलावर पडल्यावर बरं वाटतं हेही खरं. काका म्हणायचे, “अंग हलकं झाल्यागत वाटतंय.” दिवसभरात तेवढा एकच अर्धा तास ते निवांत पडत होते, वाटणारच.

शिवाय बाहेर आलेली गादी बऱ्याच वेळा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं. आणि एमआरआयवर गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखणं त्याच्यामुळेच, असंही नाही. ज्यांना काहीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली छापून आला: विशीतल्या ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या.

८६ टक्के हा आकडा २००३च्या एका लेखातला. २१९ रुग्ण, सगळ्यांना यंत्रावर घातलं, शेजारी यंत्राविना ठेवलेला एकही गट नाही. त्याच्या शेजारी नेदरलँड्समधला २००७चा अभ्यास ठेवा. दीड ते तीन महिने सायटिकानं बेजार झालेले २८३ जण. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवलं, गोळ्या आणि व्यायाम, फारच असह्य झालं तर ऑपरेशन. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी साधारण दहातल्या सहांना चाकू लागलाच नाही. डीकम्प्रेशनचं टेबल तिथं कुणाच्याच उपचारात नव्हतं.

म्हणजे ‘प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही’ हे मेसेजमधलं वाक्य असतं तर मीच पहिला लाइक टाकला असता. पण वाक्य ते नाही. वाक्य आहे: ताकद गेली तरी ऑपरेशन करू नका. त्या डच अभ्यासात पाय लुळा पडलेले रुग्ण घेतलेच नव्हते, कारण त्यांना थांबवणं योग्य नव्हतं.

सहा सेशन झाल्यावर मी गावी गेलो. काका ओट्यावरून उतरले, दोन पावलं पुढं आले आणि डावी चप्पल पायरीवरच राहिली. त्यांना कळलंच नाही. काकूंनी हाक मारली तेव्हा मागं वळले, चप्पल पायात सरकवली, रोजचंच असल्यासारखी.

“कवाधरनं?” मी विचारलं.

“झालं की आठ-धा दिस. सेंटरात सांगितलं. नस मोकळी व्हायला लागली की असं हुतंय म्हनाले.”

मी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. उजवा चवडा उचलला गेला, डावा जमिनीवर आपटत राहिला. अंगठा वर करा म्हटलं तर ते अंगठ्याकडे नुसतं बघत बसले. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी जिच्यावर दाबते तीच नस पायाचा चवडा उचलते. ती मोकळी होत असती तर चप्पल पायात राहिली असती. दुखणं कमी झालंय म्हणून काका खूश होते. नस दबून मरायला लागली की दुखणं कमी होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

याहून वाईटही असतं. कण्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो, कॉडा इक्वायना. तो दबला की लघवी अडकते किंवा झालेली कळत नाही, बसायची जागा बधिर होते, कधी दोन्ही पायांतला जोर जातो. तिथं दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. रात्री दोनला असं झालं तर रात्री दोनलाच हॉस्पिटल गाठायचं. ‘बधिरपणा आला तरी घाबरू नका’ लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्यानं कंबरेबद्दल काही लिहू नये, आणि माहीत असून लिहिलं असेल तर त्याला काय म्हणायचं ते भावकीच्या ग्रुपवर लिहिता येत नाही.

‘साइड इफेक्ट नाही, कोणत्याही वयात चालते’. त्याच ३२ चाचण्यांपैकी काहींत दुखणं वाढल्याची, नसांची लक्षणं बिघडल्याची, पुढं ऑपरेशन लागल्याची नोंद आहे. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला, मणक्यात कॅन्सरची गाठ असलेल्याला, पोटातली महाधमनी फुगलेल्याला ओढायचं नसतं. आणि आपल्याकडे मणक्याचा टीबी काही दुर्मीळ नाही. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन आणि पाठदुखी असेल तर आधी तपासणी करा, टेबल राहू दे.

काकांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. दुसऱ्या दिवशी भिंत धरून संडासला गेले, तिसऱ्या दिवशी भिंत न धरता. ‘पुन्हा न उठणारा माणूस’ आता रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. चवडा अजून पुरता उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस आधी आला असतात तर जास्त आशा होती. काकूंनी चपलेला मागून पट्टा शिवून घेतलाय.

परवा सेंटरचा फोन आला होता. काका सांगत होते, “चौदा सेशनं राहिल्यात म्हनले, कवा येताय? म्या म्हनलं, पैसं परत द्या. तर म्हनं, परत मिळत न्हाईत, पर गुडघ्याचं मशीन बी आलंय, काकूंना घिऊन या.”