गावच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी कोण बोलणार?

सभामंडप, वेशीची कमान, सिमेंटचा रस्ता यांसाठी आपली गावं आमदारांच्या मागे लागतात. जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा रिकामी पडली, तर मात्र कुणी साधा अर्जही करत नाही. मला याचा मनापासून राग येतो. दोन गाई आणि चार शेळ्या असलेल्या घरात किराणा, पोरांची फी, आजारपण, सगळं दुधाच्या पगारावर चालतं.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंची संकरित गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेचना. मान कुशीकडे वळवलेली, कान गार पडलेले. व्यायल्यावर दुधावाटे एकदम कॅल्शियम जातं, रक्तात कमी पडतं, त्यातला हा प्रकार. उशीर झाला की गाय हातची जाते. डॉक्टर आले, मानेच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियमची बाटली अगदी सावकाश सोडली. भरभर सोडलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून बाटली संपेपर्यंत ते छातीचे ठोके ऐकत होते. आधी गाईच्या अंगावर थरथर आली, मग ढेकर दिला, शेण टाकलं आणि काही वेळाने ती आपल्या पायावर उभी राहिली. जाताना काकूंना बजावून गेले, "सुरुवातीचे दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका." हे सांगणारं माणूस जवळ असणं हेच मोठं काम आहे.

2022 मध्ये गाईबैलांना लम्पी हा गाठी आणणारा रोग आला तेव्हाचं आठवा. जनावरांचे बाजार बंद, अंगभर गाठी आलेले बैल, आणि याच दवाखान्यांतली माणसं दारोदार फिरून शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत होती. खोड्यात न येणारं जनावर धरायचं, लाथ चुकवायची, गोचीड-माश्यांसाठी गोठा कसा फवारायचा ते समजावायचं आणि लगेच पुढच्या वस्तीवर जायचं. त्यांचे सत्कार फारसे झाल्याचं मी पाहिलं नाही.

आणि हा प्रश्न फक्त गोठेवाल्यांचा नाही. कुत्र्यांना रेबीजची लस टोचली की शाळेच्या वाटेवरची पोरं वाचतात, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. गाय गाभडली की डॉक्टर तपासून घ्या म्हणतात, कारण गर्भ पाडणारा ब्रुसेलोसिस हा रोग कच्च्या दुधातून आणि वार (गर्भाची झिल्ली) हाताळताना माणसालाही होतो. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की गिधाडंही मरायची. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आज त्याऐवजी गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम वापरायचं की नाही, हे शेवटी गोठ्यात उभा असलेला डॉक्टरच ठरवतो.

1962 नंबरवर फोन केला की फिरतं पथक येतं. सोय चांगली आहे, पण वासरू आडवं अडकलेल्या गाईला गाडी तालुक्यातून येईपर्यंत थांबता येत नाही. गावात दवाखाना हवा आणि त्यात माणूस हवा. एका डॉक्टरवर तीन-तीन दवाखान्यांचा भार टाकायचा आणि "साहेब कधी भेटतच नाहीत" म्हणायचं, हे मला पटत नाही.

लसीचा फ्रीज 2 ते 8 अंशांवर राहावा लागतो. लाइट रात्रभर गेली की जनावरांच्या घटसर्प-फऱ्या या रोगांवरची पावसाळ्याआधीची लस वाया जाऊ शकते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोनच मागण्या मांडणार आहे: दवाखान्याला इन्व्हर्टर आणि रिकाम्या जागेवर डॉक्टर नेमण्यासाठी जिल्हा परिषदेकडे ठराव. ज्यांच्या दावणीला एकही जनावर नाही, त्यांनीही त्या दिवशी हात वर करायला यावं, ही माझी विनंती.