एकशेवीस घोडे आणि खालचे काका

आमच्या सोसायटीच्या स्टॅक पार्किंगवर एक पत्र्याची पाटी आहे: ‘कमाल उंची 1550 मिमी, कमाल वजन 2000 किलो’. नऊ वर्षं त्या पाटीखालून रोज गाडी काढली, पण ती कधी वाचली नव्हती. पाट्या वाचायची सवय पुण्यात लागते, मी ठाण्याचा. नवी गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मात्र वाचावी लागली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, मागच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसलेली आई, आणि समोर हात आडवा करून उभा राहिलेला वॉचमन.

“साहेब, टप लागेल.”

गाडीची उंची 1620. पाटी म्हणते 1550. सत्तर मिलिमीटर, म्हणजे आईच्या मांडीवरच्या त्या बॉक्सएवढाच फरक.

गंमत अशी, की या गाडीचा आम्हाला ठाऊक नाही असा एकही आकडा नव्हता. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी सहा महिने घरात दुसरा विषय निघू दिला नाही. पेट्रोल टर्बो, तीन सिलिंडर, ताकद 120 पीएस, म्हणजे 120 घोडे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, 170 न्यूटन-मीटर, तोही 1750 आरपीएमपासून, म्हणजे इंजिनाने मिनिटाला तेवढे फेरे घेतले की. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, 200 मिमी. एअरबॅगा सहा. डिकी साडेतीनशे लिटर. (“लिटर? डिकीत काय दूध ओतायचंय?” असं बायकोने विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून बाकी आहे.) सहा गिअरची मॅन्युअल घ्यायची की ऑटोमॅटिक, यावर दोन रविवार गेले, शेवटी बँकेच्या हप्त्याने मॅन्युअलच्या बाजूने मत टाकलं. उंची तेवढी कुणी पाहिली नाही. उंच गाडी हवी म्हणून तर एसयूव्ही घेतली होती, मग तिची उंची वेगळी कशाला बघायची?

लांबी मात्र सगळ्यांना तोंडपाठ: 3995. या वर्गातल्या कितीतरी गाड्यांची लांबी हीच, कारण ती कारखान्यात नाही, दिल्लीच्या अर्थमंत्रालयात ठरलेली आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 वर आला. अट एवढीच, की गाडी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या. पुढे जीएसटी आला, तरी ही फूटपट्टी काही गेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मापात बसली तर 18 टक्के, नाही बसली तर 40. मग सगळ्या गाड्या उंबऱ्याच्या पाच मिलिमीटर अलीकडे चपला काढून उभ्या. पाच मिलिमीटर म्हणजे एका थालीपिठाची जाडी. त्यामुळे आमची गाडी समोरून पाहिली तर डोंगर चढून आल्यासारखी दिसते आणि बाजूने पाहिली तर कुणीतरी मागून लोटून भिंतीला टेकवल्यासारखी. चार मीटरच्या आत बसवायचं, तर इंजिन, पाच माणसं आणि डिकी घालून उरलेलं सगळं वरच्या दिशेलाच वाढणार. ती वाढ आमच्या पाटीवर येऊन आपटली.

स्टॅक पार्किंग ज्यांनी वापरलं नाही ते सुखी लोक. एका जागेत दोन गाड्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. वरच्या गाडीला उंचीची अडचण नसते, छत लांब असतं. पण वरची खाली आणायची तर खालची आधी बाहेर काढावी लागते. माझी जागा होती खालची. कमिटीने तोडगा काढला: मी वर जायचं आणि वरच्या जागेचे मालक, पहिल्या मजल्यावरचे काका, खाली यायचे. काका 78 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी ऑल्टो 800, उंची 1475. पाटीखालून निवांत जाते, वर हवा खेळायला जागा उरते. काका लगेच हो म्हणाले. मला तेव्हा ते फार उदार वाटले होते.

माझं ऑफिस वागळे इस्टेटला. आठला निघावं लागतं. काकांची पूजा साडेसातला सुरू होते आणि कधी संपते हे वारावर आणि तिथीवर. एरवी अथर्वशीर्षाचं एक आवर्तन, मंगळवारी अकरा, संकष्टीला एकवीस. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगा हल्ली मी पंचांग बघून ठरवतो. आरतीचा आवाज आला की मी जिन्यात जाऊन उभा राहतो. काका सोवळ्यातच खाली येतात, कपाळावर ओलं गंध. गाडीत बसतात, आरसा पुसतात, गिअर न्यूट्रलला आहे ना हे दोनदा हलवून बघतात, एक हॉर्न वाजवतात (समोर फक्त मी असतो) आणि ऑल्टो पहिल्या झटक्यात सुरू होते. ती बाहेर आली की मी हिरवं बटण दाबून धरायचं. बोट काढलं की लिफ्ट थांबते. साखळी कुरकुरत माझे 120 घोडे दीड मिनिटात जमिनीवर उतरतात.

एकदा काका शेजारी उभं राहून हे बघत होते. म्हणाले, “तीन सिलिंडर ना हो तुमची?”

“हो काका. टर्बो.”

“माझीही तीनच,” असं म्हणून ते नैवेद्य दाखवायला वर गेले.

खोटं नव्हतं ते. 796 सीसी, तीन सिलिंडर, 48 पीएस. मी घरी सांगितलं तर चिरंजीवांनी कपाळाला हात लावला.

आता रस्त्याबद्दल. पूर्वी या खाडीकाठी अरबी घोडे उतरायचे म्हणून हे घोडबंदर, असं सांगतात. माझेही रोज उतरतात आणि मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत पायी चालत जातात. एक पीएस म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायची ताकद. म्हणजे माझी गाडी हिशेबाने सेकंदाला नऊ टन मीटरभर उचलू शकते. संध्याकाळी परतताना हा हिशेब मी बरेचदा करतो, कारण पुढे न्हावाशेव्याहून गुजरातला निघालेला कंटेनर उभा असतो आणि करण्यासारखं दुसरं काही नसतं. गाडीला इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड आहेत. एकदा माजिवड्याच्या पुलाखाली चिडून स्पोर्ट लावला. जागा तीच राहिली, फक्त आवाज वाढला.

टर्बोचं दुखणं वेगळं. टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर, आणि मग तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. म्हणजे गाडीने जोर धरला की टर्बो जागा होणार आणि टर्बो जागा झाला की गाडी जोर धरणार. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. सासुरवाडी वसईची असल्यामुळे गायमुखच्या घाटात याचा अनुभव दर पंधरा दिवसांनी येतो. दुसरा गिअर, आरपीएमचा काटा बाराशेवर, चढण. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी नुसती ‘हं’ म्हणते, पेपर वाचणाऱ्या नवऱ्यासारखी. शेजारून रिक्षा पुढे जाते. रिक्षातली बाई वळून बघते. मी पहिला टाकतो, क्लच सोडतो, काटा अठराशेच्या पुढे सरकतो आणि एकदम सगळेच्या सगळे घोडे उठून धावत सुटतात, ते थेट पुढच्या टेम्पोवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचता येईल इतक्या जवळ. डाव्या गुडघ्याला आता मी रात्री तेल लावतो.

सिग्नलला गाडी आपोआप बंद होण्याची सोयही आहे. पेट्रोल वाचतं म्हणे. पण इंजिन थांबलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, आणि मे महिन्यात कापूरबावडीला पंख्यातून जे यायला लागतं त्याला हवा म्हणवत नाही. त्याहून मोठी अडचण आईची. तिची उमेद वडिलांच्या जुन्या फियाटला धक्का देण्यात गेली. पहिल्यांदा सिग्नलला इंजिन गप झालं तेव्हा ती “बंद पडली रे” म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत पदर खोचून दार उघडायला लागली. मागून बस येत होती. तेव्हापासून गाडीत बसल्याबरोबर सीटबेल्टच्याही आधी मी ती सोय बंद करतो.

लोकांना यातलं काहीच ऐकायचं नसतं. पेढा तोंडात टाकून ते एकच विचारतात, “ॲव्हरेज किती देते?” कागदावर 18 आहे. ती चाचणी बंद खोलीत, रोलरवर चाकं फिरवून होते, जेमतेम वीस मिनिटं. तिथे एसी चालू नसतो, आई नसते, कापूरबावडी नसतं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. माझ्या डॅशबोर्डवर 9.4 दिसतो. मी 14 सांगतो. कागदाचा मान राहतो, पंपावरचं दुःख थोडं झाकलं जातं, आणि विचारणाऱ्याची गाडीही नेमकं तेवढंच देत असते.

गाडीवर अन्याय करत नाही. ऑक्टोबरात एका रविवारी पहाटे पाचला इगतपुरीला निघालो. (काकांना आदल्या रात्रीच गाडी बाहेर काढून ठेवायला सांगितली होती.) भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, सगळं अंधारात मागे गेलं. सहावा गिअर, ताशी नव्वद, काटा दोन हजारांच्या जरा पुढे, आणि एरवी सिग्नलला स्टिअरिंगमध्ये जाणवणारी ती तीन सिलिंडरची थरथर कुठल्या कुठे गेलेली. शहरात बोटाने फिरणारं स्टिअरिंग हातात भरल्यासारखं झालं. उंच गाडी वळणावर कलते, तशी ही कलली, पण रस्ता सोडला नाही. कसारा घाट लागला तेव्हा उजाडत होतं. तिसरा टाकला, काटा अडीच हजारांवर, आणि गाडी अशी चढली, की चिरंजीव सहा महिन्यांत पहिल्यांदाच गप्प बसले. एका खड्ड्यावरून गेलो तर आईची झोपही मोडली नाही. ब्रोशरमधले सगळे आकडे मला त्या अर्ध्या तासात भेटले. परतीच्या वाटेवर माजिवड्याला उतरून गेले.

गेल्या बुधवारी आईला पहाटेच्या पुण्याच्या गाडीवर सोडायचं होतं. काका पाचलाच उठतात, त्यामुळे पूजेचा प्रश्न नव्हता. त्यांनी ऑल्टो बाहेर काढली. मी हिरवं बटण दाबलं. साखळी दोनदा कुरकुरली आणि लाइट गेली.

आमचा जनरेटर माणसांच्या लिफ्टला जोडलेला आहे, गाड्यांच्या नाही. वॉचमनने टॉर्च वर मारला. माझी गाडी हवेत अधांतरी, पुढचे दिवे अंधारात टक लावून बघतायत. ग्राउंड क्लिअरन्स 200 मिमीवरून थेट दोन मीटरवर गेला होता. आईची बॅग हातात घेऊन मी बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

“बसवा त्यांना इकडे,” काका म्हणाले.

आई पुढे, मी मागे, गुडघे छातीशी, मांडीवर बॅग. काकांनी न्यूट्रल दोनदा तपासलं, हॉर्न वाजवला आणि ताशी चाळीसने आम्ही रिकाम्या घोडबंदर रोडला लागलो. कापूरबावडीच्या सिग्नलला ऑल्टो थांबली, पण इंजिन धडधडतच राहिलं. आईने माझ्याकडे वळून समाधानाने मान हलवली.

तीन हात नाका येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग काकांनीच विचारलं, “ॲव्हरेज किती देते हो तुमची?”

“चौदा,” मी म्हणालो.

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “वर असताना, की खाली?”