पाचट लागलेल्या डोळ्यात लालीवरचे थेंब नकोत

ज्वारीची काढणी आणि ऊसतोड जोरात असली की आमच्या सोलापूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'डोळ्यात पाचट लागलं, पांढरा ठिपका आला तर आधी मध घाला. नाही उतरलं तर मेडिकलमधून लालीवरचे थेंब आणा, दोन दिवसांत डोळा साफ. डॉक्टर उगाच बुबुळ खरवडतात. बुरशी फक्त शुगरवाल्यांना होते.' मी लॅबमध्ये हेच नमुने तपासते, म्हणून लिहिते.

शुगरचा समज 2021च्या काळ्या बुरशीनंतर पक्का झाला. तो रोग नाक-सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरायचा. बुबुळावरची बुरशी निराळी. फ्युजेरियम, अस्परजिलस या बुरशी मातीत, पाल्यात असतातच. पाचटाचा ओरखडा उठला की धडधाकट गड्यालाही त्या धरतात.

मध नको. डॉक्टरांना दाखवण्याआधी जखमेवर बाटलीतलं काहीही घालू नका, एवढंच.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ 'दोन दिवसांत साफ' ही आहे. लालीवरच्या कितीतरी थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो, कारण शरीराची झुंजच थंडावते. बुरशी मात्र आत पसरत राहते. मागच्या हंगामात मोहोळकडचे एक काका आले होते. डोळ्याला रुमाल, खिशात अर्धी संपलेली बाटली. म्हणाले, "ताई, दुखायचं थांबलंय, पण दिसंना झालंय." बुबुळाच्या मधोमध राखाडी डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, खाली पू साचलेला.

आता खरवडण्याचं. नुसत्या ठिपक्यावरून बुरशी की बॅक्टेरिया हे खात्रीने सांगता येत नाही. डोळा बधिर करून डॉक्टर जखमेच्या कडेचा कणभर थर काढतात. काचपट्टीवर त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि बुरशीचे काचेसारखे, फाटे फुटलेले तंतू उरतात. काकांच्या पट्टीवर ते मला थोड्याच वेळात दिसले. उरलेला नमुना कल्चरला लावतात; बुरशी उगवायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही जातात.

एवढी खटपट कशाला? पिथियम नावाचा एक दुर्मीळ जीव पट्टीवर हुबेहूब बुरशीसारखा दिसतो, पण तो बुरशी नव्हेच. बुरशीच्या औषधांना तो सहसा दाद देत नाही. तिथे लिनेझोलिड, अझिथ्रोमायसिन ही बॅक्टेरियावरची औषधं वापरतात. खऱ्या बुरशीला पहिलं औषध नॅटामायसिन 5 टक्के. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत 323 रुग्णांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, फ्युजेरियममध्ये तर ठळकपणे. औषध तळाशी बसतं, बाटली हलवूनच घाला. सुरुवातीला तासातासाला, पुढे कित्येक आठवडे. तरीही जखम आटोक्यात आली नाही तर बुबुळ बदलावं लागतं.

पाचट लागलं तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आधी थेंब घातले असतील तर बाटली सोबत न्या, लपवू नका. आत काय होतं ते त्यांना कळायलाच हवं.