दाखवायचे नसतील तर फोटो काढायचे कशाला : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या मागच्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होण्यासारखी ती नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहीत आहे. जुन्या नाशकात आणि गोदाकाठी मी बरीच वर्षे फोटो काढतो, ते स्पर्धेला, प्रदर्शनाला किंवा समाजमाध्यमांवर देत नाही, आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की ही प्रसिद्धीचीच हौस आहे, फक्त उलट्या बाजूने मिरवलेली. की पाहणाऱ्यावाचून छायाचित्र पुरे होत नाही. आणि पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे फोटो स्वतःपाशी दाबून ठेवणे हा शहराशी केलेला कंजूषपणा आहे.

हौसेबद्दल फार बोलण्यासारखे नाही. कोणी दाद दिली तर मलाही बरे वाटते. लिहिताना समोर कोणीतरी असावे असेही वाटते, नाही तर हा सगळा प्रपंच मांडलाच नसता. कॅमेरा हाती असताना मात्र तसे वाटत नाही. हा स्वभावाचा भाग असेल. त्याला तत्त्व म्हणून मिरवण्याचा माझा विचार नाही.

पाहणाऱ्याच्या मुद्द्यासाठी आपण व्हिव्हियन मायरचा दाखला दिला आहे. तिने (१९२६–२००९) शिकागोत वर्षानुवर्षे लोकांची मुले सांभाळण्याचे काम केले आणि रस्त्यावर हिंडून काढलेल्या एक लाखाहून अधिक निगेटिव्ह मागे ठेवल्या. २००७ मध्ये थकलेल्या भाड्यापोटी गोदामातल्या तिच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्या परक्यांच्या हाती पडल्या. तो लिलाव झाला नसता तर तिचे सारे श्रम फुकट गेले असते, असे आपण लिहिता. आपल्या दृष्टीने ते खरेच आहे, कारण आपल्याला ते फोटो पाहायला मिळाले नसते. पण तिच्या सामानात न धुतलेले शेकडो रोलही निघाले, म्हणजे त्यांतले फोटो तिने स्वतःसुद्धा कधी पाहिले नव्हते. यामागे पैशाची अडचण असेल, आणखी काही असेल. तिच्या मनातले तिलाच ठाऊक. तरीही मागचे रोल तसेच पडून असताना जी बाई नवा रोल भरून पुन्हा रस्त्यावर जाते, तिला हवे असलेले काहीतरी शटर दाबतानाच मिळत असले पाहिजे, असे मला वाटते. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँडला तर प्रसिद्धीची वाण नव्हती, पण १९८४ मध्ये तो गेला तेव्हा त्याचेही सुमारे २,५०० रोल धुवायचे राहिले होते. आपल्याकडचे नाव हवे असेल तर चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (१८७०–१९५४) आहेत. त्यांनी अनेक दशके स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो काढले, तेही बहुतांशी घरापुरतेच. ते कलादालनांत पोहोचले त्यात नातू विवान सुंदरम यांचा वाटा मोठा आहे.

‘फाळक्यांच्या जिल्ह्यात राहून असे कसे म्हणता?’ असाही टोमणा आपण मारला आहे. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, हे मान्य. पण १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली, ती भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाची खात्री पटावी म्हणून. काय दाखवायचे, कोणाला आणि कशासाठी, हे आधी ठरले होते. कुंडी आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्यावरूनच ठरले. ते दाखवण्याचे काम होते आणि त्यांनी ते उत्तम केले. माझे तसे काहीच आधी ठरलेले नसते, आणि माझा सगळा रस त्या न ठरलेल्या भागात आहे.

पुराचेच पाहा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अर्धे शहर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धावते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढले की छातीपर्यंत, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची आपली रीत जुनी आहे, आणि होळकर पुलावरून त्याचा फोटो काढण्याची रीत आता तितकीच पक्की झाली आहे. काही काळ मीही ओळखीच्यांना पुराचे फोटो पाठवत असे. मागणी त्याच एका फोटोची असे आणि मीही पुलावरची तीच जागा धरून उभा राहू लागलो होतो. पाठवणे थांबले, तसा मी पूर ओसरल्यावर भांडीबाजारात जाऊ लागलो. तिथे एक दुकानदार पायरीवर बसून पितळी तांबे एकात एक अडकलेले सोडवत होता आणि प्रत्येकाच्या तळाशी बसलेला मऊ, तपकिरी गाळ दोन बोटांनी काढून परातीत निपटत होता. गाळाखालून पितळ उघडे पडे तिथे बोटांचे पट्टे उमटत. मी बराच वेळ उभा होतो. एवढा वेळ उभे राहण्याला माझ्याकडे दुसरे काही निमित्त नव्हते. हातात कॅमेरा नसता तर दोन मिनिटांत ‘फार नुकसान झाले का हो?’ असे विचारून पुढे गेलो असतो. माझी प्रेरणा विचाराल तर ती एवढीच आहे. त्या दिवसाचा फोटो बरा आला आहे, पण तो कोणी पाहिला नाही म्हणून माझे ते उभे राहणे कमी झाले, असे मला वाटत नाही.

दुसऱ्यांनी चुका दाखवल्याशिवाय हात सुधारत नाही, हे आपण जाता जाता म्हटले आहे आणि ते बरेचसे खरे आहे. एक जुने स्टुडिओवाले गृहस्थ अधूनमधून माझे फोटो पाहतात. फ्रेमच्या कडेला अर्धवट कापलेली विजेची तार किंवा महिरपीच्या माथ्याला चिकटलेली मागची पाण्याची टाकी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण जाणत्या एका माणसाने पाहणे आणि चारशे अंगठे मिळणे यांत फरक आहे. अंगठा कशासाठी मिळाला, हे कळत नाही.

वाड्यांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जुन्या नाशकातला वाडा उतरवायला घेतला की कौले जातात, सागवानी खांब आणि तुळया विकल्या जातात, आणि वर्षभराने तिथे काय होते हे शेजाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून त्या घरच्यांना मी छापील प्रती नेऊन देतो. उजेड कसा पडला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. माळ्यावरचा जिना आला आहे का, देवघराचा कोनाडा दिसतो का, हे ते शोधतात. मात्र अनेक वाड्यांचे वाटणीचे दावे चालू असतात आणि आतले फोटो बाहेर जाऊ नयेत असे त्यांनी मला स्पष्ट बजावलेले असते. ज्यांनी विश्वासाने माजघरापर्यंत येऊ दिले, त्यांचे माजघर मी परस्पर भिंतीवर टांगणार नाही. याला कंजूषपणा म्हणायचे असेल तर म्हणावे. शिवाय नोंद म्हणून फोटो उपयोगी पडायला प्रेक्षकांपेक्षा तपशील अधिक लागतो. गल्ली, तारीख, दर्शनी बाजू कोणत्या दिशेला, हे मी प्रत्येक फाइलीसोबत लिहून ठेवतो. त्याशिवाय उद्या कोणी अभ्यासक आला तरी त्याला नुसती सुंदर दारे मिळतील, वाडा कुठला ते कळणार नाही.

आपण सुचवलेल्या प्रदर्शनाला त्यामुळे माझा नकार कायम आहे. परंतु सिंहस्थाच्या कामांच्या धांदलीत गोदाकाठ बदलण्याआधीची नोंद आपल्याला हवी आहे, असे आपण लिहिले आहे, ती मागणी रास्त आहे. घाटाचा किंवा पेठेचा कोणता भाग हवा ते कळवावे. बाहेरच्या बाजूंचे फोटो तपशिलासह लगेच देता येतील; आतल्या फोटोंसाठी आधी त्या त्या घरी विचारावे लागेल आणि त्याला वेळ लागेल.