अठ्ठ्याहत्तर चालू, इंटिजर बंद

एका पतसंस्थेची कर्जखात्यांची एक्सेल फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर) करून बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या डेटा साठवण्याच्या सेवेत, चढवायची, एवढे माझे काम होते. कॉलमचे प्रकार स्वतःच ओळखायला सांगितले, तर बिगक्वेरी फार तर पहिल्या 500 ओळी पाहते आणि पंगतीतल्या पहिल्या चार पानांवरून साऱ्या पंगतीची भूक ठरवणाऱ्या वाढप्याच्या आत्मविश्वासाने स्कीमा, म्हणजे कोणत्या कॉलमात काय असेल याचा आराखडा, जाहीर करते. वयाचा कॉलम तिने इंटिजर, म्हणजे पूर्णांकांचा, ठरवला. ठरवणारच, कारण तिथवरच्या सर्व कर्जदारांनी वय निमूटपणे आकड्यात सांगितले होते. पुढे कुठेतरी एका आजोबांनी ‘78 चालू’ असे लिहवून घेतले होते आणि तिथे जॉब (फाईल चढवण्याची प्रक्रिया) कोसळला, कारण किती सदोष ओळी खपवून घ्यायच्या याची मर्यादा मुळात शून्य असते.

रकमेचे दुखणे निराळे. ‘1,25,000/-’ यातली शेवटची रेघ पुढे कोणी लबाडीने शून्य वाढवू नये म्हणून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मारली जाते. यंत्राला मात्र त्यात पैसा दिसतच नाही, नुसता मजकूर दिसतो. बारा अंकी आधार क्रमांक एक्सेलने ‘4.57812E+11’ असे आखडून ठेवले होते आणि सीएसव्हीत ते तसेच उतरले, त्यामुळे प्रत्येकाचे शेवटचे सहा आकडे मूळ फाईल पुन्हा मागवेपर्यंत बेपत्ता होते. खाते क्रमांकांच्या आरंभीची शून्ये तर कोणाला न सांगताच निघून गेली होती. (हा छळ आपल्याच नशिबी आहे असे वाटणाऱ्यांनी जनुकशास्त्रज्ञांकडे पाहावे. ‘मार्च1’, ‘सेप्ट1’ अशा जनुकांना एक्सेल तारखा समजत राहिले, आणि 2020 च्या सुमारास शेवटी जनुकांचीच नावे बदलण्यात आली.)

यावर रूढ उपाय एकच आहे. सगळे कॉलम आधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून स्टेजिंग टेबलात (तात्पुरत्या तक्त्यात) घ्यायचे, स्वल्पविराम आणि रेघा झाडून टाकायच्या आणि मग मजकुराचा आकडा किंवा तारीख करणारे सेफ कास्ट लावायचे. ज्या मूल्याचे असे रूपांतर होत नाही त्याच्या जागी ते आरडाओरडा न करता नल, म्हणजे रिकामी जागा, ठेवते. ‘03/04/2023’ ही तारीख एप्रिलातली की मार्चमधली, हे मात्र कोणतेही कास्ट सांगू शकत नाही. म्हणून अशा संशयित तारखा आणि नल झालेल्या ओळी यांची यादी करून मी ती संस्थेकडे दुरुस्तीसाठी पाठवली.

फाईल तत्परतेने परत आली. आजोबा निखळ 78 वर्षांचे झाले होते, तारखा सरळ झाल्या होत्या आणि उजव्या टोकाला ‘शेरा’ नावाचा एक नवा कॉलम उघडून प्रत्येक ओळीपुढे ‘दुरुस्त केले आहे’ असे प्रामाणिकपणे नोंदवले होते. स्कीमात नसलेला कॉलम आढळल्यामुळे जॉब पहिल्याच ओळीवर कोसळला.